पातळ पत्र्याचं वेल्डिंग: भोक न पाडता, पोट न काढता

अँगल-चॅनेल जोडून हात बसला की वाटतं, आता पत्र्याचं काय, सहज होईल. मग १८ गेजच्या पत्र्यावर रॉड टेकतो आणि डोळ्यादेखत कड वितळून खाली गळते. भोक बुजवायला पुन्हा रॉड लावावा तर भोक आणखी मोठं होतं. कसंबसं ते भरलं, तरी रंग मारायच्या वेळी कळतं की अख्ख्या पत्र्यानं पोट काढलंय आणि अंगठा दाबला की तो टप्‌-टप्‌ वाजतोय.

नाशिकच्या सातपूर-अंबडच्या शेडमध्ये नव्यानं लागलेल्यांची ही ठरलेली रड. मळ्यात किंवा घरामागे छोटं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन घेऊन बसणाऱ्यांचीही तीच. म्हणून हा लेख ०.८ ते १.६ मिमी जाडीच्या साध्या लोखंडी पत्र्यापुरता. स्टेनलेसचा विषय येईल तिथे दोन वाक्यांत उरकेन. ॲल्युमिनियमच्या वाटेला नवख्यानं इतक्यात जाऊच नये.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पत्र्याच्या कामात आर्क पेटलेला असतो तो वेळ थोडा, बाकीचा सगळा वेळ बसवण्यात आणि थांबण्यात जातो. ज्याला थांबवत नाही त्याला लाखाचं मशीन दिलं तरी पत्रा वाकणारच.

पत्रा हातात घ्या, गेजवर विसंबू नका

दुकानात पत्रा गेजमध्ये मागतात. आकडा वाढला की जाडी कमी होते: १६ गेज म्हणजे साधारण १.६ मिमी, १८ गेज १.२, २० गेज ०.९ आणि २२ गेज ०.७. गाड्यांच्या बॉडीचा पत्रा बहुधा ०.७ ते ०.९ मिमीचा असतो, कपाट आणि गेटला १८ ते २२ गेज चालतो.

सांगितलेल्यापेक्षा पातळ पत्रा हाती पडणं नवलाचं नाही. १.२ समजून मशीन लावलं आणि पत्रा १ मिमीच निघाला तर भोक पडणार, आणि दोष तुम्ही हाताला देणार. व्हर्निअर लावून बघा, मात्र कापलेल्या कडेच्या बरीवर (कापताना वर आलेल्या धारदार कंगोऱ्यावर) लावू नका, थोडं आत धरा. दुसरा उपाय वजनाचा. आठ बाय चार फुटांची पूर्ण शीट १ मिमी जाडीला साधारण २३ किलो भरते, १.२ मिमीला २८ आणि १.६ मिमीला ३७. वजनावर माल घेताना हा हिशेब डोक्यात असला की फसवणूकही कळते.

शिकायला सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा घ्या. तो गुळगुळीत असतो, त्यावर काळी पापडी नसते. एचआर (हॉट रोल्ड) पत्र्यावरची काळी पापडी घासून काढावी लागते. जीआय पत्र्यावर जस्ताचा थर असतो, त्याचं वेगळं दुखणं पुढे येईलच.

पत्रा वाकतो का

हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत.

लोखंड तापलं की लांबतं. ३०० मिमीची पट्टी ५०० अंशांनी तापली तर साधारण १.८ मिमी लांबते. पट्टी सुटी असेल तर लांबेल, निवल्यावर आखडेल, प्रश्नच नाही. पण पत्र्यात तापते ती फक्त जॉइंटची अरुंद पट्टी आणि तिच्या दोन्ही बाजूंचा थंड पत्रा तिला लांबू देत नाही. तापून मऊ झालेला धातू मग जागच्या जागी दबतो, किंचित जाड होतो. निवताना तो आखडतो तेव्हा आधी होता त्यापेक्षा आखूड झालेला असतो. म्हणजे जॉइंट शिवणीसारखा ओढला जातो आणि बाजूचा जास्तीचा पत्रा जायला जागा नाही म्हणून पोट काढतो.

यातून दोन गोष्टी निघतात. वेल्डिंग आखडणारच, ते टाळता येत नाही, पण किती रुंद पट्टी तापवायची हे आपल्या हातात आहे. आणि उष्णता एकाच जागी साठू न देता पत्रभर वाटून टाकली, तर ओढही वाटली जाते.

स्टेनलेस जास्त लांबतं आणि उष्णता वाहून न्यायला फार आळशी, त्यामुळे त्याचा पत्रा साध्या लोखंडापेक्षा जास्त वाकतो. दिंडोरीकडच्या वायनरींतल्या टाक्यांची कामं टिगवर (न वितळणाऱ्या टंगस्टनच्या सुईचं आर्क वेल्डिंग), आतून आर्गॉन गॅस सोडून करतात. ती हात बसलेल्यांची कामं.

मशीन कोणतं

१.२ मिमीच्या खालच्या पत्र्यासाठी मला विचाराल तर सीओटू मशीनच घ्या, म्हणजे मिग, गनमधून वायर आणि गॅस सोडणारं. वायर ०.८ मिमीची, ईआर ७०एस-६. पत्रा ०.८ किंवा त्याहून पातळ असेल आणि मिळाली तर ०.६ ची वायर. आपल्याकडे बहुतेक शेडमध्ये नुसता सीओटू गॅसच असतो, स्वस्त पडतो म्हणून. जाड कामाला तो उत्तम, पण पातळ पत्र्यावर गरम चालतो आणि दाणे फार उडवतो. ८० टक्के आर्गॉन आणि २० टक्के सीओटूचा मिक्स गॅस मिळाला तर फरक पहिल्याच टाक्याला कळेल. गॅस मिनिटाला ८ ते १० लिटर पुरतो. बाहेर उघड्यावर वारा असेल तर गॅस उडून जातो आणि टाका जाळीदार होतो. अशा वेळी गॅस वाढवण्यापेक्षा आडोसा करा.

टिग सगळ्यात स्वच्छ, पण शिकायला वेळ लागतो आणि फटीला अजिबात माफी नाही. गॅस वेल्डिंगनं पत्रा जोडता येतो, पूर्वी बॉडीवाले सर्रास तेच करायचे, पण त्याची ज्योत रुंद जागा तापवते, म्हणून वाकणंही जास्त. पितळ लावून ब्रेझिंग केलं तर लोखंड वितळवावंच लागत नाही, ९०० अंशांच्या आसपास काम होतं. जिथे फार जोर येत नाही तिथे हा मार्ग वाईट नाही. फक्त नंतर त्यावर आर्क वेल्डिंग करायला जाऊ नका, पितळ आत मिसळून जॉइंटला तडे जातात.

आता ज्यांच्याकडे फक्त रॉडचं मशीन आहे त्यांच्याबद्दल, कारण वाचणाऱ्यांत तेच जास्त असणार. जुनं ट्रान्सफॉर्मर मशीन असेल तर पत्र्यासाठी ते विसरा, त्याचा करंट पुरेसा खाली येत नाही. इन्व्हर्टरवर १.२ मिमी जमतो, १ मिमी सरावानं जमतो. त्याखाली रॉडनं जाऊ नये.

रॉड २ मिमीचा घ्या, ६०१३ नंबरचा. कपाटात पडलेला ३.१५ मिमीचा रॉड करंट कमी करून चालेल का, असं नेहमी विचारतात. नाही चालणार. कमी करंटवर तो चिकटत राहतो आणि पेटला की एकदम भोक. २ मिमीचा रॉड ४० ते ५५ अँपिअरवर नीट चालतो.

केबल उलटी लावा. म्हणजे रॉडचा होल्डर मायनसला आणि अर्थिंग प्लसला. ६०१३ असा चालतो आणि आर्क पत्र्यात कमी खोल शिरतो. मिगमध्ये मात्र साध्या वायरला गन प्लसलाच राहू द्या. गॅस न लागणारी फ्लक्सची वायर वापरत असाल तरच गन मायनसला. मशीनवर हॉट स्टार्ट आणि आर्क फोर्सची बटणं असतील तर दोन्ही खाली आणा. रॉड पेटताना मशीन क्षणभर जास्तीचा करंट देतं, आणि पत्र्याला नेमकी तिथेच भोकं पडतात.

पावसाळ्यात रॉडचा पुडा उघडा ठेवला की कोटिंग ओल धरतं. मग रॉड फडफडतो आणि माणूस करंट वाढवत बसतो. १०० अंशांच्या आसपास तासभर रॉड वाळवले की पुष्कळदा दुखणं जातं.

मळ्यात किंवा वस्तीवर काम असेल तर व्होल्टेजकडे लक्ष ठेवा. लांबलचक बारीक एक्स्टेंशनवर मशीन चालवलं की करंट मध्येच पडतो, तुम्ही नॉब वाढवता, आणि शेजारची मोटार बंद झाली की तोच नॉब पत्रा खातो.

कापणं आणि बसवणं

भोक पडण्याचं पहिलं कारण करंट असं सगळे धरून चालतात. माझ्या मते पहिलं कारण फट. जिथे फट आहे तिथे आर्कसमोर पत्र्याची उघडी कड येते, तिच्या पलीकडे उष्णता जायला वाट नाही, ती क्षणात वितळून मागे सरते. फट पत्र्याच्या निम्म्या जाडीपेक्षा जास्त नकोच. १ मिमीच्या पत्र्याला अर्धा मिमी. नवख्यानं तर दोन्ही कडा टेकलेल्याच ठेवाव्यात.

म्हणून कापण्यात घाई नको. पत्रा कात्रीनं कापला तर कड लाटेसारखी होते, ती ठोकळ्यावर हातोडीनं सपाट करून घ्या. ग्राइंडरला १ मिमीची कटिंग डिस्क लावून रेघेच्या किंचित बाहेर कापा आणि शेवटचा भाग कानशीनं रेघेवर आणा. कडेची बर काढायला विसरू नका. ती केसासारखी पातळ असते, सगळ्यात आधी तीच जळते आणि भोकाची सुरुवात करून देते.

जॉइंट कसा घ्यायचा हेही आधी ठरवा. जमत असेल तिथे एकावर एक पत्रा चढवून लॅप जॉइंट घ्या, खाली दुसरा पत्रा असल्यानं चूक झाकली जाते. दिसण्यातलं काम असेल, कडा समोरासमोरच हव्या असतील, तर बट जॉइंट. मोठ्या सपाट पत्र्याच्या मधोमध जॉइंट येत असेल तर आराखडाच बदला. जॉइंट फोल्डजवळ किंवा कडेजवळ न्या. फोल्ड मारलेली कड ताठ असते, ती ओढ सहन करते. सपाट मैदानात पोट येणारच.

साफसफाईला टाळाटाळ नको. जॉइंटच्या दोन्ही बाजूंना २०-२५ मिमी पट्टी चकचकीत होईपर्यंत घासा, मागची बाजूसुद्धा. मागचा रंग जळून धूर वर येतो आणि टाक्यात बुडबुडे होतात. तेल थिनरनं पुसा आणि पूर्ण उडून जाऊ द्या, थिनरचा डबा व चिंधी लांब ठेवून मगच आर्क पेटवा. ब्रेक साफ करायचे काही स्प्रे क्लोरीनवाले असतात. आर्कच्या उष्णतेनं त्यांचा विषारी वायू होतो, ते वेल्डिंगच्या आसपास वापरूच नका.

जॉइंटच्या मागे तांब्याची पट्टी दाबून बसवा. पत्र्याच्या कामात एवढा स्वस्त आणि एवढा उपयोगी मदतनीस दुसरा नाही. तांबं साध्या लोखंडापेक्षा सात-आठ पट चांगली उष्णता ओढतं आणि लोखंडी टाका त्याला चिकटत नाही. भोक पडू पाहिलं तरी वितळलेला रस मागे गळत नाही, पट्टीवर टेकून गोठतो. आपल्याकडे इलेक्ट्रिकल पॅनेल बनवणारे कारखाने भरपूर, त्यामुळे भंगारवाल्याकडे बसबारचे, म्हणजे पॅनेलमधल्या तांब्याच्या पट्टीचे, तुकडे मिळतात. ५-६ मिमी जाड, ४०-५० मिमी रुंद असा वीतभर तुकडा एकदा घेऊन ठेवा. पट्टी पत्र्याला घट्ट टेकलेली हवी, मध्ये हवा राहिली तर उपयोग शून्य. आणि आर्क थेट तांब्यावर मारू नका, तांबं टाक्यात मिसळलं की तडे जातात. बसबार नाही मिळाला तर जाड ॲल्युमिनियमचा तुकडाही उष्णता ओढायला चालतो, पण तो वितळतो लवकर, म्हणून भोकाच्या मागे ठेवू नका.

ग्रिप प्लायर, सी-क्लॅम्प जितके असतील तितके लावा. गुण्या लावून काटकोन तपासा. आता अजून एकही टाका मारलेला नाही, आणि निम्मं काम झालंय.

आधी भंगार तुकड्यावर

त्याच पत्र्याचे, त्याच जाडीचे दोन तुकडे घ्या आणि सेटिंग त्यावर करा. अंदाजासाठी आकडे: १ मिमी पत्र्याला ४० ते ५० अँपिअर, १.२ ला ५० ते ६०, १.६ ला ६५ ते ८५. मिगवर व्होल्ट १५ ते १७ च्या दरम्यान. मशीनवरचा आकडा आणि प्रत्यक्ष करंट यांत फरक असतो, म्हणून शेवटचा निकाल कानानं द्यायचा. मिग बरोबर लागली की फोडणीत मोहरी तडतडावी तसा एकसारखा बारीक आवाज येतो. फट्‌-फट्‌ करून वायर पत्र्यावर ढोसत असेल तर वायरचा वेग जास्त. वायर टिपशी जाऊन गोळा होत असेल तर वेग कमी. टिपच्या बाहेर वायर ८-१० मिमी.

मग तुकडा उलटा करून मागची बाजू बघा. मागे बारीक, किंचित उंचवट्याची रेघ दिसली पाहिजे. काहीच नाही, फक्त निळसर छटा असेल, तर टाका वरच बसलाय. लोंबलेले थेंब दिसले तर गरम झालंय. शंका असेल तर तुकडा व्हाइसमध्ये धरून जॉइंटवर वाकवा. टाका अख्खा उपटून आला तर तो चिकटलेला होता, जुळलेला नव्हता. भोक पडेल या भीतीनं करंट इतका खाली आणतात की वरून सुंदर दिसणारे टाके पहिल्या धक्क्याला सुटतात. नवख्यांचं हे दुसरं टोक, आणि भोकापेक्षा ते वाईट, कारण ते दिसत नाही.

टाके

समजा ३०० मिमीचा बट जॉइंट आहे.

१. दोन्ही टोकांना एकेक टाका. टाका म्हणजे गनचा खटका दाबून सेकंदभर, एवढंच.

२. मधोमध एक. आता अंतर १५० मिमी झालं. पत्र्याची पातळी बोट फिरवून बघा. एक कड वर, एक खाली असेल तर आत्ताच हातोडीनं बसवा, पुढे बसणार नाही.

३. प्रत्येक अंतराच्या मध्ये पुन्हा एकेक, म्हणजे ७५ मिमी. पुन्हा त्यांच्या मध्ये, म्हणजे साधारण ३७. बारीक पत्र्याला टाक्यांमध्ये २५ ते ४० मिमी अंतर हवं, त्यापेक्षा लांब नको.

४. इथे थांबा. हाताची उलटी बाजू जॉइंटजवळ नेऊन बघा, मग हलकेच टेकवा. कोमट लागलं तरच पुढे.

५. आता भरायला घ्या, पण रेघ ओढत नाही. एक टाका या टोकाला, पुढचा त्या टोकाला, तिसरा मध्ये. नवा टाका आधीच्या टाक्याच्या कडेवर किंचित चढलेला हवा. असं फिरत-फिरत सगळे ठिपके एकमेकांना भिडेपर्यंत. मध्ये दर काही टाक्यांनी थांबणं आलंच.

लवकर उरकावं म्हणून ओलं फडकं मारू नका, टाक्याला झटका बसतो आणि पुढच्या टाक्यात ओल जाते. कॉम्प्रेसरची हवा सोडायची तर आर्क बंद असताना, आणि मिगच्या गॅसला धक्का न लावता. खरं सांगायचं तर दोन जॉइंट एकदम घ्यावेत. एक निवतोय तोवर दुसऱ्यावर टाके मारावेत, म्हणजे रिकामं बसल्याची चुळबूळ होत नाही.

१.६ मिमीच्या पत्र्यावर २०-२५ मिमीच्या छोट्या रेघा चालतात. त्या उलट्या दिशेनं घ्या: काम डावीकडून उजवीकडे सरकतंय, पण प्रत्येक छोटी रेघ उजवीकडून डावीकडे, आधीच्या रेघेत जाऊन संपणारी. गन पुढच्या दिशेला ढकलत न्या, ओढत नको, ढकलली की आर्क कमी खोल जातो. काम तिरकं किंवा उभं ठेवता येत असेल तर वरून खाली या. जाड कामात वरून खाली आणणाऱ्याला उस्ताद ओरडतात, पत्र्यात तेच बरोबर.

रॉडवाल्यांसाठी: आर्क अगदी आखूड, रॉड जवळजवळ टेकलेला. टिच मारली, ठिपका पडला, उचलला. रॉडच्या टोकावर काचेसारखी खपली जमते, ती बाजूच्या भंगार तुकड्यावर खरवडूनच पुढचा टाका, नाहीतर दहा वेळा ठोकत बसाल आणि पेटेल तेव्हा भलतीकडे. प्रत्येक टाक्यावरची स्लॅग (कोटिंगची कडक खपली) काढूनच त्यावर चढा.

गेटच्या कामात पत्रा जाड अँगलच्या फ्रेमवर बसतो. तिथे आर्क अँगलवर धरायचा आणि वितळलेला रस पत्र्याच्या कडेवर लोटायचा. पत्र्याकडे आर्क वळवला की कड गेलीच. आणि गेटला पाणी अडवायचं नसतं, मग सलग वेल्डिंग कशाला? २० मिमीचा टाका, १५० मिमी सोडून पुढचा, समोरासमोरच्या बाजूंना आळीपाळीनं. गिऱ्हाईक सलग रेघ मागत असेल तर त्याला वाकलेलं एक गेट दाखवा.

भोक पडलंच तर

हात उचला. ताबडतोब त्यातच टाके ओतणं ही सगळ्यात सहज होणारी गोष्ट आणि सगळ्यात महागात पडणारी, कारण भोकाची कड त्या क्षणी लाल आहे. पूर्ण निवू द्या. मागे तांब्याची पट्टी दाबा. मग भोकाच्या कडेवर, मध्यात नव्हे, एक ठिपका. थांबा. समोरच्या कडेवर दुसरा. असं कडेनं आत येत भोक लहान करत न्या. बोट जाईल एवढं भोक असेल तर भरू नका, चौकोनी कापून ठिगळ लावा. आणि जुन्या पत्र्यात एकाच जॉइंटवर तिसऱ्यांदा भोक पडतंय म्हणजे बहुधा पत्रा गंजून आतून पातळ झालाय. वेल्डिंग गंजाला धरत नाही, चांगला पत्रा लागेपर्यंत मागे कापत जा.

पोट आलं तर

जॉइंट आखडलाय म्हणून पोट आलंय, तेव्हा उपाय पोटावर नाही, जॉइंटवर. टाके पत्र्याच्या पातळीला घासून घ्या, मागे डॉली किंवा गुळगुळीत ठोकळा धरा आणि जॉइंटवरच हलक्या हातानं हातोडी मारत जा. ठोकल्यानं आखडलेला धातू पसरतो आणि पोट बसायला लागतं. दर थोड्या वेळानं बोट फिरवून बघा, जास्त ठोकलं तर जॉइंट लांबून दुसरं पोट येतं. पोटावर नाण्याएवढा ठिपका लाल करून ओल्या फडक्यानं आखडवायची युक्ती बॉडीवाले करतात, पण भंगार पत्र्यावर हात बसल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या गाडीवर ती करू नका.

घासतानाही पत्रा तापतो हे लक्षात राहत नाही. ८० ग्रिटची फ्लॅप डिस्क, हलका हात, एका जागी रेंगाळणं नाही. पत्रा निळा पडला म्हणजे वेल्डिंगमध्ये वाचवलेलं सगळं ग्राइंडरनं घालवलं.

डोळे, धूर, आग

हेल्मेटची काच ९ ते ११ नंबरची. टाके मारताना हेल्मेट वर-खाली करायचा कंटाळा येतो आणि माणूस डोळे मिटून टाका मारतो. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं ते त्यामुळेच. आपोआप काळी होणारी काच घ्या, पत्र्याच्या कामात तिचे पैसे सगळ्यात लवकर वसूल होतात. डोळे लागलेच तर बटाट्याच्या चकत्यांवर न थांबता डॉक्टरांना दाखवा.

जीआय पत्र्यावरचं जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि लोखंड वितळायला १५०० च्या आसपास लागतात. म्हणजे टाका जुळण्याआधीच जस्ताचा पांढरा धूर नाकात. काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून जातं. बहुधा दिवस-दोन दिवसांत उतरतो, पण दर वेळी अंगावर काढण्याची गोष्ट नाही. जॉइंटच्या दोन्ही बाजूंचं जस्त घासून काढा, तेही मास्क लावून. दार-खिडक्या उघड्या, पंखा पाठीमागून बाजूला हवा नेणारा. गूळ खाल्ला, दूध प्यायलं म्हणजे धूर धुऊन निघतो असं शेडमध्ये सगळे सांगतात. गूळ जरूर खा, पण धूर नाकात जाऊ न देणं एवढाच उपाय आहे.

पेट्रोल-डिझेलची टाकी, रॉकेलचं पिंप, फवारणीच्या औषधाची टाकी नवख्यानं वेल्डिंगला घेऊच नये. रिकामी, धुतलेली असली तरी नाही.

एक काम शेवटपर्यंत: पिकअपच्या हौद्यातलं ठिगळ

पिंपळगाव बसवंतला टोमॅटो आणि लासलगावला कांदा वाहणाऱ्या पिकअपच्या हौद्याचा तळ कोपऱ्यांत हमखास सडतो. ओला माल, माती, पाणी, वर पावसाळा. शिकायला हे काम चांगलं, कारण दिसण्याचा प्रश्न फारसा नसतो.

बॅटरीचा मायनस सोडा. खाली वायरिंग आणि डिझेलची नळी कुठून जाते ते आडवं पडून स्वतः बघा, मालकाला विचारून नाही. पाण्याची बादली आणि आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवा. अर्थिंगचा क्लॅम्प ठिगळाच्या जवळच, घासलेल्या पत्र्यावर. लांब लावला तर करंट भलत्या वाटेनं, बेअरिंगमधूनही फिरतो.

गंजलेल्या भागाभोवती टोच्यानं टोचत जा. टोच्या आत शिरणं बंद झालं की तिथून आणखी बोटभर चांगला पत्रा येईपर्यंत कापा. कापताना कोपरे गोल ठेवा. चौकोनी कोपऱ्यावर दोन बाजूंची उष्णता एकत्र येते, भोक तिथेच पडतं आणि पुढे तडाही तिथूनच जातो.

पुठ्ठ्यावर भोकाचा साचा काढा, पत्र्यावर उतरवा, त्याच जाडीचा पत्रा वापरा. हौद्याच्या तळाला लाटा असतील तर ठिगळालाही त्या ठोकून आणा. जिथे खाली आधाराचा चॅनेल आहे तिथे ठिगळ त्यावर टेकेल असं बघा. बसलं, बोट फिरवल्यावर कड लागली नाही, की खालून तांब्याची पट्टी कुणाला तरी धरायला सांगा किंवा लाकडाच्या ठेप्यानं दाबा.

टाके समोरासमोर: वरची बाजू, मग खालची, डावी, मग उजवी. गोल ठिगळाला नट आवळतो त्याच क्रमानं. नंतर वर सांगितल्याप्रमाणे अंतर निम्मं करत जा. हौदा आहे, पाणी खाली झिरपायला नको, म्हणून इथे ठिपके पूर्ण भिडवायचे. अंधार करून खालून टॉर्चचा उजेड टाकला की राहिलेली सुईएवढी भोकं वरून चमकतात. त्यांवर खडूनं खूण करा आणि एकेक बुजवा.

काम संपल्यावर अर्धा तास गाडीजवळून हलू नका, गोणपाटाच्या धाग्यात ठिणगी दबून राहते.

रंग त्याच दिवशी. पावसाळ्यात घासलेला पत्रा रात्रभरात तांबूस होतो. दोन्ही बाजूंना झिंक प्रायमर, खालच्या बाजूनं जॉइंटवर सीलंट, ते वाळलं की अंडरकोट. आणि हौद्याच्या कोपऱ्यातली पाणी निघायची भोकं ठिगळाखाली बंद झाली असतील तर ८-१० मिमीच्या ड्रिलनं पुन्हा पाडा, त्यांच्या कडेलाही प्रायमर लावा. ती बुजल्यामुळेच तर तळ सडला होता.